दिल्ली ते दौलताबाद : चाळीस दिवसांचे अंतर

दिल्लीहून निघालेले विमान दोन तासांच्या आसपास छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरते. रेल्वेने हाच प्रवास साधारण एका दिवसाचा आहे. दिल्ली आणि दौलताबाद यांच्यातील अंतर सरळ रेषेत मोजले तर सुमारे एक हजार किलोमीटर भरते. रस्त्याने ते आणखी दीड-दोनशे किलोमीटरने वाढते. चौदाव्या शतकात मात्र हे अंतर कोसांत कोणी सांगत नसे, दिवसांत सांगत असे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने ते चाळीस दिवसांचे असल्याचे नोंदवून ठेवले आहे. या चाळीस दिवसांनी एका सुलतानाचे आयुष्य आणि त्याची कीर्ती या दोहोंचा निकाल लावला. तो सुलतान म्हणजे मुहंमद बिन तुघलक.

मराठीत त्याचे नाव आज एका विशेषणापुरते उरले आहे. एखादा निर्णय लहरी, अव्यवहार्य आणि जनतेला विनाकारण छळणारा वाटला की त्याला तुघलकी म्हटले जाते. गिरीश कार्नाड यांनी १९६४ मध्ये त्याच्यावर कन्नड नाटक लिहिले आणि विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले, तेव्हा त्या विशेषणामागचा माणूस रंगभूमीवर पुन्हा उभा राहिला. परंतु राजधानी दिल्लीहून देवगिरीला नेण्याचा त्याचा निर्णय हा केवळ लहरीपणा होता काय, याचे उत्तर नाटकापेक्षा नकाशावर अधिक स्पष्ट दिसते.

डाक थांबली आणि फौज फुटली

मुहंमदाचे मूळ नाव जौना. त्याचा पिता गाझी मलिक हा पंजाबातील दीपालपूरचा सुभेदार. मंगोलांच्या टोळ्यांशी सरहद्दीवर झुंजण्यात त्याची हयात गेली होती. खिलजी घराण्याचा अंत होऊन खुस्रोखानाने दिल्लीचे तख्त बळकावले, तेव्हा जौना दिल्लीत शाही अश्वशाळेचा प्रमुख होता. एके दिवशी तो निवडक सोबत्यांसह घोड्यावर बसून दिल्लीतून निसटला आणि पित्याला जाऊन मिळाला. पितापुत्रांनी दिल्लीवर चाल केली. १३२० मध्ये गाझी मलिक घियासुद्दीन तुघलक या नावाने सुलतान झाला आणि जौनाला उलुघखान हा किताब मिळाला.

पुढच्याच वर्षी पित्याने त्याला दक्षिणेत वारंगळच्या काकतीय राज्यावर धाडले. वेढा चांगला आवळला गेला होता. अशात दिल्लीहून नेमाने येणारी डाक अकस्मात थांबली. सुलतान मरण पावला, अशी कुजबुज छावणीत सुरू झाली. तिला खतपाणी घालणारे लोक राजपुत्राच्या निकटच्या वर्तुळातलेच होते. सरदारांनी आपापल्या तुकड्या काढून घेतल्या आणि जिंकत आलेला वेढा उधळला गेला. उलुघखान कसाबसा देवगिरीला येऊन पोहोचला. सुलतान दिल्लीत सुखरूप होता. शत्रूने केला नसता असा पराभव न आलेल्या पत्रांनी केला होता.

१३२३ मध्ये त्याने वारंगळ पुन्हा वेढले आणि या खेपेस घेतले. राजा प्रतापरुद्र कैद झाला. तेथून फौजा पूर्व किनाऱ्यापर्यंत गेल्या. राजमहेंद्री येथील मशिदीवर उलुघखानाच्या नावाचा १३२४ सालचा शिलालेख आहे. दिल्लीच्या राज्याचा विस्तार पाहता पाहता एवढा वाढला होता, की त्याच्या एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ती शिळी होऊन जाई. ही अडचण पित्याच्या दरबारातील कोणाहीपेक्षा या राजपुत्राने अधिक जवळून अनुभवली होती.

१३२५ मध्ये बंगालच्या मोहिमेहून परतणाऱ्या घियासुद्दीनच्या स्वागतासाठी दिल्लीजवळ अफगाणपूर येथे लाकडी मंडप उभारण्यात आला. तो कोसळून सुलतान ठार झाला. बरनीने याचा दोष विजेला दिला, तर इब्न बतूताने मुलाने रचलेल्या कटाला. इतिहासकारांत यावर आजही एकमत नाही. मुलगा मुहंमद शहा या नावाने तख्तावर आला आणि पुढे २६ वर्षे त्याने राज्य केले.

मध्यभागाचे गणित

नवा सुलतान विलक्षण बुद्धीचा होता. फारसी आणि अरबीवर प्रभुत्व, सुंदर हस्ताक्षर, तर्कशास्त्र, खगोल आणि वैद्यक यांचा व्यासंग, असाधारण स्मरणशक्ती या गुणांची नोंद त्याच्या विरोधकांनीही केली आहे. त्याचे दातृत्व अमर्याद होते आणि शिक्षाही तितक्याच अमर्याद होत्या. दरबारात सतरा वर्षांहून अधिक काळ त्याचा सहचर असलेल्या झियाउद्दीन बरनीला या माणसाचा मेळ अखेरपर्यंत लागला नाही. उलेमांना त्याची तर्कनिष्ठा खुपत होती, तर अमिरांना त्याने परदेशी आणि सामान्य कुळातील माणसांना दिलेल्या जागा.

राज्यारोहणानंतर लवकरच, १३२६ च्या सुमारास, त्याचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने गुलबर्ग्याच्या परिसरातील सागर येथे बंड केले. बंड मोडायला सुलतान स्वतः देवगिरीपर्यंत आला. गुर्शास्प पळून कंपिलीच्या राजाकडे आणि तेथून होयसळांकडे गेला. शेवटी पकडला गेला आणि त्याची जिवंतपणी कातडी सोलण्यात आली. बंड संपले, त्याने उभा केलेला प्रश्न मात्र संपला नाही. दक्षिणेत एखाद्या सुभेदाराने उचल खाल्ली, तर दिल्लीला ते कळायला किती दिवस, फौज निघायला किती आणि येऊन पोहोचायला किती? सुलतान देवगिरीत होता म्हणून गुर्शास्प हाती लागला. दिल्लीत असता तर?

देवगिरी हे नाव मराठी माणसाला परके नाही. यादवांची ही राजधानी. रामदेवरावाच्या काळात तिच्या वैभवाचा डंका देशभर वाजत होता आणि त्याच वैभवाने १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीला येथवर खेचून आणले. मलिक काफूरच्या स्वाऱ्या, शंकरदेवाचा वध आणि १३१८ मध्ये हरपालदेवाचा क्रूर अंत, असे यादवांचे राज्य लयास गेले. सपाट मैदानातून एकाकी उभा राहिलेला, सुमारे दोनशे मीटर उंचीचा आणि ताशीव कड्यांचा हा डोंगर भारतातील अत्यंत दुर्जय किल्ल्यांपैकी एक होता. खजिना आणि कुटुंबकबिला ठेवायला याहून सुरक्षित जागा दक्षिणेत दुसरी नव्हती.

१३२७ मध्ये सुलतानाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन ते राजधानीचे ठिकाण ठरवले. बरनीने त्यामागचे कारण दिले आहे. गुजरात, लखनौती, सातगाव, सोनारगाव, तेलंगण, माबार, द्वारसमुद्र, कंपिली आणि दिल्ली या सर्वांपासून देवगिरी सारख्याच अंतरावर आहे, असे सुलतानाला वाटत होते. आजच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर चित्र काहीसे वेगळे दिसते. वारंगळ आणि गुजरातेतील पाटण ही ठिकाणे दौलताबादपासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या थोडी पुढे आहेत. दिल्ली त्याच्या जवळजवळ दुप्पट. मदुराई साडेअकराशेच्या आसपास. बंगालची जुनी राजधानी लखनौती १,४०० किलोमीटरच्या पुढे आणि ढाक्याजवळचे सोनारगाव १,६०० च्याही पुढे. म्हणजे अंतरे सारखी नव्हती. तरीही दक्षिणेच्या दृष्टीने विचार करता दिल्लीपेक्षा ही जागा कितीतरी मध्यवर्ती होती. दिल्लीहून मदुराई सुमारे दोन हजार किलोमीटर पडते, ते अंतर येथून जवळजवळ निम्मे होत होते.

गणितात एक उणीव मात्र होती, आणि ती गंभीर होती. बरनीने दिलेल्या यादीत वायव्य सरहद्दीचे नाव नाही. मुलतान दौलताबादपासून सरळ रेषेत बाराशे किलोमीटर, लाहोर त्याहूनही दूर. पित्याने ज्या सरहद्दीवर आयुष्य वेचले, तिच्याकडेच या हिशेबात पाठ फिरली होती.

रस्त्यावरचे नगर

निर्णय झाल्यावर सुलतानाने तयारीत कसूर ठेवली नाही. प्रथम त्याची आई मखदूमा-इ-जहाँ, शाही परिवार, खजिना, हत्ती-घोडे आणि सरदारांची कुटुंबे निघाली. मागोमाग उलेमा, सूफी, कवी, लेखनिक आणि दिल्लीतील प्रतिष्ठित घराणी. दिल्लीतील घरांची किंमत सरकारने चुकती केली, वाटखर्च दिला आणि दौलताबादेत राहण्याची व जेवणाची सोय केली. ग्वाल्हेर, चंदेरी, धार या बाजूने माळवा ओलांडून, नर्मदा आणि तापी पार करून हा रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगांपलीकडे उतरत असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे होती. ठराविक अंतरावर डाकचौक्या होत्या आणि वाटसरूला लागणारे सर्व काही वाटेत विकत मिळे. चालणाऱ्याला आपण बागेतून जात आहोत असे वाटावे, असे त्याचे वर्णन इब्न बतूताने केले आहे.

अर्थात हे वर्णन सवडीने प्रवास करणाऱ्याचे आहे. अकराशे-बाराशे किलोमीटर चाळीस दिवसांत कापायचे तर दररोज अठ्ठावीस-तीस किलोमीटर चालणे भाग होते. विश्रांतीचा दिवस धरला तर त्याहून अधिक. तरण्या शिपायाला ते जमते. म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांना जमत नाही. या स्थलांतराची सर्वांत बोलकी साक्ष इसामी या कवीच्या घराण्याची आहे. त्याचे आजोबा नव्वदीचे होते. पिढीजात घर सोडून निघालेला हा वृद्ध दिल्लीपासून पहिल्याच मुक्कामावर, तिलपत येथे मरण पावला. सोळा वर्षांचा नातू पुढे दौलताबादला आला. त्याने पुढे लिहिलेल्या इतिहासकाव्यात सुलतानाविषयीचा जो द्वेष ठायी ठायी दिसतो, त्याचे मूळ तिलपतच्या त्या कबरीत आहे.

सगळी दिल्ली ओस पडली, मांजर-कुत्रेही मागे उरले नाही, असे बरनी सांगतो. एका पांगळ्याला उखळी यंत्राने भिरकावले आणि एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरपटत नेले, त्याचा केवळ पाय तेथे पोहोचला, अशी कथा इब्न बतूता सांगतो. मात्र तो भारतात आला १३३३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सहा वर्षांनी, आणि ही कथा त्याने ऐकून लिहिली. दिल्लीच्या परिसरातील १३२७-२८ चे संस्कृत शिलालेख वेगळीच हकिगत सांगतात. तेथील व्यापारी विहिरी खोदत होते, दानधर्म करत होते आणि आपल्या नगराच्या भरभराटीचे वर्णन कोरून ठेवत होते. टांकसाळही बंद पडली नव्हती. आगा महदी हुसेन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सर्व पुराव्यांची छाननी केली. स्थलांतर झाले ते मुख्यत्वे राज्यकर्त्या मुस्लिम वर्गाचे, आणि दिल्ली ही राजधानीच राहून दौलताबाद दुसरी राजधानी झाली, असे त्यानंतर बहुतेक अभ्यासक मानत आले आहेत. पण ज्या घरांतील माणसे वाटेत गेली, त्यांच्या दुःखाला या दुरुस्तीने काही फरक पडत नाही.

नगाऱ्यांची तार

दोन राजधान्या असतील तर त्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. सुलतानाने त्यासाठी जी व्यवस्था केली, ती त्या काळाच्या मानाने थक्क करणारी होती. डाक दोन प्रकारची होती, घोड्याची आणि पायी धावणाऱ्या जासुदांची. पायी डाकेसाठी दर कोसाला तीन चौक्या असत. जासूद एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगरू लावलेली काठी घेऊन धावत सुटे. घुंगरांचा आवाज कानी येताच पुढच्या चौकीवरचा जासूद तयार होई आणि पत्र हाती पडताच धावू लागे. ही डाक घोड्यापेक्षाही वेगवान होती. सिंधहून दिल्लीचा प्रवास पन्नास दिवसांचा, पण तेथील खबर पाच दिवसांत सुलतानाला मिळे, असे इब्न बतूता नोंदवतो. खुरासानची ताजी फळे याच मार्गाने येत. सुलतान दौलताबादेत असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी याच पद्धतीने चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणले जाई.

याहून नवलाची नोंद अल्-उमरी या अरब ग्रंथकाराची आहे. तो स्वतः भारतात कधी आला नाही. येथून गेलेल्या प्रवाशांकडून त्याने माहिती मिळवली. दिल्ली आणि दौलताबाद यांच्या दरम्यान प्रत्येक चौकीवर नगारे ठेवलेले असत. एका शहराचे दरवाजे उघडले वा मिटले की नगारा वाजे, पुढच्या चौकीवर त्याला साथ मिळे आणि आवाज रस्त्याने पुढे सरकत दुसऱ्या शहरी पोहोचे. तारायंत्राच्या पाचशे वर्षे आधी एका राज्यकर्त्याने हजार किलोमीटरच्या अंतरावर ध्वनीचा धागा ताणला होता.

अल्-उमरीनेच दौलताबादच्या रचनेविषयीही लिहिले आहे. फौज, वजीर, लेखनिक, काझी, व्यापारी अशा प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र पेठ आणि प्रत्येक पेठेत मशीद, बाजार, हमामखाने अशी योजना होती. कोणालाही गरजेच्या वस्तूसाठी दुसऱ्या पेठेत जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. मात्र आपण निघालो तेव्हा नगर पुरे झालेले नव्हते, असेही त्याच्या खबऱ्याने सांगितले. सुलतानाच्या बहुतेक योजनांविषयी हेच म्हणता येईल.

उत्तरेची हाक

दौलताबादेत आल्यावर सुलतान स्वस्थ बसला नाही. आज सिंहगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोंढाण्यावर नागनायक या कोळी सरदाराचा अंमल होता. सुलतानाने गडाला वेढा घातला आणि तो आठ महिने चालला. अखेर गड घेतला गेला. तोच उत्तरेतून खबर आली, की मुलतानचा सुभेदार किश्लूखान बंड करून उठला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेला सुलतान आता दिल्लीमार्गे पंजाबच्या टोकाकडे धावला. किश्लूखान मारला गेला. याच सुमारास तर्माशिरिनच्या नेतृत्वाखाली मंगोल टोळ्या दोआबात घुसल्याच्या नोंदीही काही इतिवृत्तांत आहेत. ज्या सरहद्दीकडे गणिताने दुर्लक्ष केले होते, तिने दोन वर्षांच्या आत आपले अस्तित्व जाणवून दिले.

दौलताबादला मन रमत नसलेले अमीर, दिल्लीत महसुलाचा वाढता ताण आणि मोठ्या फौजेचा खर्च अशा स्थितीत सुलतानाने १३२९-३० मध्ये चांदीच्या टंक्याच्या मोलाचे पितळी-तांब्याचे नाणे चालू केले. कल्पना नवी नव्हती, चीनमध्ये कागदी चलन होते. परंतु बनावट नाण्याला आळा घालण्याचा उपाय केला नव्हता. घरोघरी टांकसाळी निघाल्या. दोन-तीन वर्षांत नाणे रद्द करावे लागले आणि सुलतानाने लोकांना त्याबदल्यात खजिन्यातून सोने-चांदी मोजली. दोआबातील करवाढीपाठोपाठ दुष्काळ आला. हिमालयाच्या कुशीतील कराचिलवर पाठवलेली फौज जवळजवळ पूर्ण नष्ट झाली. या अपयशांनी कारभाराचा पैसा आणि धाक दोन्ही झिजले.

बीडजवळचा दात

१३३४-३५ मध्ये माबारचा म्हणजे मदुराईचा सुभेदार जलालुद्दीन अहसन याने स्वतःला सुलतान म्हणवून घेतले. मुहंमद जातीने दक्षिणेत उतरला. वारंगळपर्यंत पोहोचताच छावणीत साथ पसरली. फौजेचा मोठा भाग मृत्युमुखी पडला आणि सुलतान स्वतः आजारी झाला. मदुराई न पाहताच तो मागे फिरला. परतीच्या वाटेवर बीडजवळ त्याचा एक दात पडला. फेरिस्ता सांगतो की सुलतानाने तो समारंभपूर्वक पुरला आणि त्यावर घुमट बांधवला. मराठवाड्यात आजही लोक बीडजवळची ती वास्तू त्या दाताची कबर म्हणून दाखवतात. लोकांना त्यात तुघलकी लहर दिसते. पण आजारी, पराभूत आणि वाहनात पडून चाललेल्या त्या माणसाच्या आयुष्यातील तो फार मोठा वळणबिंदू होता. यानंतर तो तमिळ प्रदेशात कधीही पाऊल टाकू शकला नाही.

दौलताबादला पोहोचल्यावर त्याने दिल्लीच्या लोकांना परत जाण्याची मुभा दिली. अनेक कुटुंबे पुन्हा त्याच चाळीस दिवसांच्या रस्त्याला लागली. यावेळी रस्त्यावर दुष्काळ होता आणि दिल्लीतही. जाताना जे वाचले होते, त्यांतले काही परत येताना गेले. मदुराईपाठोपाठ १३३६ च्या सुमारास वारंगळ हातचे गेले, विजयनगर उभे राहिले, १३३८ मध्ये पूर्व बंगाल स्वतंत्र झाला. नकाशावरील जी टोके जवळ आणण्यासाठी राजधानी हलवली, ती एकेक करून गळून पडली.

दौलताबाद मात्र अजून हाती होते, आणि त्याचे श्रेय एका माणसाकडे जाते. सुलतानाचा गुरू कुतलुघखान तेथे सुभेदार होता. त्याच्या न्यायी वागणुकीमुळे लोक त्याला मानत. १३४२ मध्ये चीनला वकील म्हणून निघालेला इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा त्याने भरभराटीचे शहर पाहिले. येथील मराठे, त्यांच्या वैद्यक व ज्योतिषातील गतीची ख्याती, द्राक्षे आणि डाळिंबे, गायक-वादकांची तरबाबाद नावाची स्वतंत्र पेठ आणि किल्ल्याच्या तळघरातील मांजराएवढे उंदीर, हे सारे त्याने लिहून ठेवले. तेथून तो नंदुरबारमार्गे खंबायतकडे गेला.

शेवटचा रस्ता

१३४४-४५ च्या सुमारास सुलतानाने कुतलुघखानाला परत बोलावले. महसूल कमी येतो, ही तक्रार होती. वास्तविक जमा झालेला पैसा किल्ल्यात पडून होता. माळव्याचा रस्ता असुरक्षित झाल्यामुळे तो दिल्लीला पाठवता येत नव्हता. एके काळी फळे आणि गंगाजल वाहणाऱ्या रस्त्यावरून आता खजिना जाऊ शकत नव्हता. याच वेळी धारच्या सुभेदाराने शंभरांचे नायक म्हणवणाऱ्या स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांची कत्तल केली. ती बातमी गुजरातेत आणि दक्षिणेत वणव्यासारखी पसरली. दौलताबादच्या नायकांना भडोचला हजर होण्याचा हुकूम आला. काय वाढून ठेवले आहे ते त्यांनी ओळखले. वाटेतच त्यांनी सोबतच्या सरकारी माणसांना ठार केले, दौलताबादला परतून किल्ला आणि खजिना ताब्यात घेतला आणि इस्माईल मुख याला राजा केले.

सुलतान धावून आला. त्याने रणात बंडखोरांचा पराभव केला आणि त्यांना किल्ल्यात कोंडले. ज्या किल्ल्याची दुर्जयता पाहून त्याने राजधानी येथे आणली, तोच किल्ला आता त्याच्या विरोधात उभा होता. वेढा चालू असतानाच गुजरातेत तघीचे बंड उफाळले आणि सुलतानाला तिकडे जावे लागले. त्याची पाठ फिरताच हसन गंगू ऊर्फ जाफरखान याने शाही सेनापतीला बीदरजवळ मारले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबादच्या मशिदीत हसनचा अल्लाउद्दीन बहमनशहा म्हणून राज्याभिषेक झाला. दक्षिणेला दिल्लीशी बांधण्यासाठी वसवलेल्या नगरात दक्षिणेच्या स्वतंत्र सल्तनतीचा जन्म झाला, आणि ती जन्माला घालणारे लोक सुलतानानेच येथे आणलेल्या वर्गातले होते.

मुहंमद पुन्हा दौलताबादला येऊ शकला नाही आणि दिल्लीलाही नाही. १३४५ मध्ये त्याने दिल्ली सोडली ती कायमचीच. तघीचा पाठलाग करत तो गुजरात, गिरनार, काठेवाड असा भटकत राहिला. आजारपणात त्याने बरनीला बोलावून, प्रजा उलटली तर पूर्वीचे राजे काय करत, याची चर्चा केली. गादी सोडावी किंवा शिक्षा कमी कराव्यात, असे मार्ग बरनीने चाचरत सुचवले. सुलतानाला ते पटले नाहीत. तघी सिंधमध्ये ठठ्ठ्याला आश्रयाला गेला, म्हणून सुलतानही तिकडे वळला. ठठ्ठा काही कोसांवर असताना त्याला ताप भरला आणि २० मार्च १३५१ रोजी सिंधू नदीच्या काठी छावणीत त्याचा मृत्यू झाला. तख्तापासून दूर, रस्त्यावर असतानाच.

जे मागे राहिले

परतीची मुभा मिळाली तरी सर्वच जण दिल्लीला गेले नाहीत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये येथेच निवर्तले. खुल्दाबादला त्यांचा दर्गा आहे आणि बुऱ्हाणपूर शहराला त्यांचे नाव आहे. अमीर खुस्रोचा मित्र कवी अमीर हसन सिज्जी खुल्दाबादच्याच मातीत आहे. पित्याचे बोट धरून आलेला एक मुलगा दिल्लीला परतला, पण म्हातारपणी पुन्हा दक्षिणेत आला आणि गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज म्हणून प्रसिद्धी पावला. दिल्लीच्या या लोकांची बोली मराठी, तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांच्या सहवासात बदलत गेली आणि तिच्यातून दख्खनी भाषा घडली. इसामीने बहमनशहाच्या आश्रयाला राहून १३५० मध्ये आपला ग्रंथ पूर्ण केला.

मुहंमद तुघलकाने अंतराचा प्रश्न ओळखला होता, यात शंका नाही. वारंगळच्या वेढ्यात त्याने तो सोसला होता. डाकेच्या चौक्या, नगारे, छायेचे रस्ते आणि दुसरी राजधानी ही त्यावरची त्याची उत्तरे होती आणि ती बुद्धिमान माणसाची उत्तरे होती. त्यांनी खबर वेगाने नेली, हुकूम वेगाने नेला. परंतु धारच्या कत्तलीची बातमीही रस्त्यांवरून तितक्याच वेगाने दौलताबादला पोहोचली आणि तिने एका रात्रीत नायकांना शत्रू केले. ज्यांना हलवायचे त्यांना विचारायचे असते, ही गोष्ट त्याच्या हिशेबात कोठेच नव्हती. कुतलुघखानाने दहा वर्षे जे न्यायाने टिकवले, ते सुलतानाच्या एका हुकमाने गेले.

दौलताबादला येणारा पर्यटक आज महाकोट, चांदमिनार आणि अंधारी पाहून तासा-दोन तासांत निघतो. चांदमिनार बहमनींनी पंधराव्या शतकात बांधला. बाहेरच्या लांबच लांब तटाकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. आजच्या लहानशा गावाला तो तट फारच मोठा आहे. तो एका राजधानीच्या मापाने आखला होता.